घट्ट बसलेलं झाकण

आमच्या अंबरनाथच्या घरात कुठल्याच डब्याचं झाकण कधी नीट बसलेलं नसायचं. साखरेला मुंग्या, पोहे वातड, लोणच्याच्या बरणीखाली तेलाचं वर्तुळ. हा सगळा उद्योग माझ्या मुलीचा. बायकोला संधिवात. सकाळी तिची बोटं सुजलेली असतात, मूठ वळत नाही, घट्ट झाकण तर तिच्याने जन्मात उघडत नाही. मुलगी शाळेत होती तेव्हापासून तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं की घरातलं प्रत्येक झाकण नुसतं वर ठेवायचं, दाबायचं नाही. आणि मी अख्खी नोकरी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत फिटर म्हणून काढलेली. सैल काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. मुलगी पुढे सैल करत जायची, मी मागून आवळत जायचो. सकाळी बायको चहापत्तीचा डबा हातात घेऊन उभी राहायची आणि आतून मुलगी ओरडायची, "पप्पा, तुम्ही परत आवळलं ना?" भांडणच होतं ते, पण गोड होतं. आज आठवलं की वाटतं, तेवढंच भांडण पुरलं असतं आम्हाला.

आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी तरुणपणी दीक्षा घेतली, तेव्हापासून. घरात शिरल्यावर समोरच्या भिंतीवर दोन तसबिरी, खाली पितळी समई नाही, साधं मेणबत्तीचं स्टँड. आणि माझी बायको ख्रिस्ती. लोकांना हे दोनदा सांगावं लागतं. पहिल्यांदा ते ऐकतात, दुसऱ्यांदा माझ्याकडे बघतात. मलाही अजून पूर्ण कळलेलं नाही, त्यामुळे बघणाऱ्यांवर मी रागावत नाही.

झालं ते असं. लग्नानंतर काही वर्षांनी बायको उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागा कटिंगला जायला लागली. शिवून आलेल्या पँटचे लोंबणारे दोरे कात्रीने कापायचे, दिवसभर. तिथेच बोटं धरायला लागली. त्याच गल्लीत एक सिंधी बाई राहायच्या, वयाने मोठ्या. सगळ्या कामवाल्या बाया त्यांना अदी म्हणायच्या, म्हणजे सिंधीत ताई. अदींच्या खोलीत शुक्रवारी दुपारी प्रार्थना असायची. त्यांनी हिच्या बोटांना तेल लावलं, डोक्यावर हात ठेवला, हिच्यासाठी रडल्या. घरी येऊन हिने सांगितलं तेव्हा मी हसलो. म्हटलं, जा, बघ बरं वाटतं का. माझा हिशेब सोपा होता. चार-सहा शुक्रवार जाईल, बोटं आहेत तशीच राहतील, मग हिचं हिलाच कळेल.

बोटं आहेत तशी राहिली नाहीत, आणखी बिघडली. गुडघेही धरले. कारखाना सुटला. शुक्रवार मात्र सुटला नाही.

इथेच माझं डोकं चालायचं बंद झालं. ती बरी झाली असती तर मला समजलं असतं. मीही गेलो असतो कदाचित, कोणी सांगावं. पण मशीनला एखादं तेल घातलं आणि मशीन चाललं नाही, तर माणूस तेल बदलतो. हिने मशीन बंद पडू दिलं आणि तेलाच्या प्रेमात पडली. मी एकदा चिडून तसं म्हणालोही. तर म्हणाली, "मी बोटांसाठी जातच नव्हते."

"मग कशाला?"

"पहिल्यांदा बोटांसाठीच गेले. मग कळलं की त्याच्याही हातांना भोकं पडली होती. माझं दुखतं तेव्हा तो माझ्याजवळ बसतो."

"आणि मी कुठे असतो?"

"तुम्ही कामावर असता," ती म्हणाली. टोमणा नव्हता. मी खरंच कामावर असायचो.

तिचा बाप्तिस्मा बदलापूरला उल्हास नदीत झाला. तिथवर तिला स्कूटरवर मीच घेऊन गेलो, कारण गुडघ्यांमुळे तिला काठाचा उतार उतरता येत नव्हता. मी तिची चप्पल आणि पर्स हातात धरून काठावर उभा. पाण्यात कमरेएवढ्या खोलीत एक पास्टर, दोन बाया, आणि माझी बायको. तिला पाण्याखाली नेलं, वर काढलं, आणि ती हसत होती. लग्नाच्या फोटोतही ती इतकी हसलेली नाही. मला आनंद व्हावा की मत्सर, ते ठरवता येईना. मी चप्पल पुसून ठेवली, तेवढंच हातात होतं.

त्या संध्याकाळी मी विचारलं, "आता तुझ्या मनात पहिला नंबर कोणाचा?"

"प्रभूचा," तिने लगेच सांगितलं. जरा विचार करायला हवा होता.

"मग मी कितवा?"

"तुम्ही आहातच की."

"हे काय उत्तर झालं?"

ती कांदा चिरायला लागली. तेव्हापासून हा आमच्या घरातला विनोद झाला. भाजीला मीठ कमी पडलं की मी म्हणायचो, पहिल्या नंबरवाल्याच्या ताटात गेलं वाटतं. ती हसायची, मीही हसायचो. पण खुपायचं. पंचवीस-तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला आपल्याच घरात आपला नंबर विचारावा लागावा, हे खुपतंच.

एकदा मी अदींशी भांडायलाच गेलो होतो. त्यांची एक खोली, भिंतीवर कसलंही चित्र नाही, नुसतं एक कॅलेंडर. त्यांना विचारलं, "आपने मेरी बीवी को क्या सिखाया है? घर में सबसे पहले कौन?" त्या शांतपणे म्हणाल्या, "सबसे पहले वो. वो पहले रहेगा तो बाकी सब अपनी-अपनी जगह पर आ जाएंगे."

मला माहीत होतं की अदींचे सख्खे भाऊ मागच्याच गल्लीत राहतात. कपड्याचं दुकान आहे. ह्या प्रभूच्या झाल्या त्या दिवसापासून त्यांनी बहिणीशी बोलणं टाकलं, दुकानासमोरून गेल्या तरी मान वर करत नाहीत. मी म्हटलं, "आपके तो नहीं आए जगह पर." बोललो आणि लगेच वाटलं, जीभ जळो माझी. अदींनी उठून चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाल्या, "हां, नहीं आए." आणि विचारलं, "चाय में शक्कर कितनी?" भांडायला गेलेला मी दोन कप चहा पिऊन परत आलो.

आता वडिलांची गोष्ट सांगायला हवी, कारण माझा सगळा गोंधळ तिच्यातूनच सुरू होतो. वडिलांनी दीक्षा घेतल्यावर घरातले देव टोपलीत घातले आणि नदीला नेऊन सोडले. त्यांची आई उंबऱ्यात आडवी बसली होती. ते तिला ओलांडून गेले. त्यानंतर तिने ह्या मुलाच्या घरी पाणी घेतलं नाही, धाकट्याकडे राहायला गेली. तिचं शेवटचं दुखणं आलं तेव्हा तिने वडिलांना बोलावून घेतलं आणि म्हणाली, एकदा कपाळाला भंडारा लाव, मग मी सुखाने जाईन. वडिलांनी तिचे पाय चेपले, तिला स्वतःच्या हाताने पेज भरवली, पण भंडारा लावला नाही. ही गोष्ट आमच्या घरात दरवर्षी सांगितली जायची. आम्ही मुलं छाती फुगवून ऐकायचो. माणूस असावा तर असा, मोडला तरी वाकू नये.

मग तोच ताठ कणा माझ्या बायकोने दाखवला तर मला का बोचावा?

मुलीने मुलगा स्वतःच निवडला, तिच्याच ऑफिसातला. बदलापूरचा, आपल्यातलाच, घर चांगलं. त्याचे वडील, म्हणजे आता आमचे व्याही, नगरपालिकेतून रिटायर झालेले. विहाराचं सगळं काम तेच बघायचे. माणूस मोजकं बोलणारा, पण बोलला की पक्कं. मुलीने आईला आधीच सांगून ठेवलं, "आई, प्लीज, लग्न होईपर्यंत त्या लोकांना नको ना सांगू." बायको म्हणाली, "मी होऊन नाही सांगणार. पण कोणी विचारलं तर खोटं नाही बोलणार." पहिल्या बैठकीत कोणी विचारलं नाही. मला वाटलं, सुटलो.

मग एका दुपारी व्याह्यांचा फोन आला. त्यांच्या विहाराची पद्धत अशी की वंदना सुरू होण्याआधी दोन्हीकडच्या आयांनी पुढे येऊन तसबिरींपुढे एकत्र मेणबत्ती लावायची. आपल्यात बायकांचा मान पहिला, ते अभिमानाने म्हणाले. मी "हो हो, छान" म्हणून फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिलो.

मुलगी आईच्या समोर जमिनीवर बसली. "आई, फक्त एक मेणबत्ती. वन मिनिट का काम है."

"तू म्हणशील ते करीन. हे नको सांगू."

"तुमच्या चर्चमध्ये नाही लावत का मेणबत्त्या?"

"आमच्यात नाही लावत. कॅथलिक लावतात."

मला हसू फुटलं. दोघींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पाणी प्यायला उठलो. मागून मुलीचा आवाज आला, "माझ्यापेक्षा जास्त आहे का तो तुला?" मग पुन्हा, "सांग ना आई. मी की तो?"

"तू माझा जीव आहेस."

"पण त्याच्यापेक्षा जास्त नाही."

"नाही," बायको म्हणाली.

मी ग्लास हातात धरून तसाच उभा. वाटलं, अगं, एवढं एक खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? पोर रडत बेडरूममध्ये गेली. बायको उठली, पिठाचा डबा काढला. झाकण घट्ट होतं, मीच सकाळी बसवलेलं. ती ते उघडायचा प्रयत्न करत राहिली आणि नंतर डबा तसाच ठेवून ओट्याला टेकून उभी राहिली. मी उघडून दिला. तिने माझ्याकडे न बघता पीठ काढलं.

मग मी माझी अक्कल लढवली. मुलीला म्हटलं, आपण सांगू की आईची बोटं चालत नाहीत. खोटं कुठे आहे त्यात? सुजतातच की. माझी बहीण, म्हणजे तुझी आत्या, आईच्या जागी मेणबत्ती लावेल. कोणाचं मन दुखणार नाही, सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. मुलीचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्या दुखण्याला त्यात ओढू नका." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. म्हटलं, ऐन वेळी गप्प बसेल. गप्प बसणं तर तिला जमतं.

लग्नाच्या सकाळी तिने स्वतःच्या हाताने मुलीचा अंबाडा घातला. दोन-तीनदा हात खाली घेऊन बोटं चोळली, पुन्हा वर नेले. मुलीला अंबाडा आईनेच घातलेला हवा होता, आणि आईला तो घालायचाच होता. त्या अर्ध्या-पाऊण तासात मुलीने डोकं मागे आईच्या पोटाला टेकवलं होतं. मी दारातून पाहिलं आणि मनात म्हटलं, झालं, निभावलं.

बदलापूरचा हॉल भरला होता. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, पुढे टेबलावर पांढऱ्या कापडावर तसबिरी, फुलं, अगरबत्तीचा धूर. दोन्ही आयांना पुढे बोलावलं. मी लगेच व्याह्यांजवळ सरकलो आणि ठरलेलं वाक्य म्हटलं, "हिचे हात आज अजिबात चालत नाहीत हो. माझी बहीण लावेल." बहीण पुढे आलीच होती.

पण आमच्या विहीणबाई म्हणजे साधी, मायाळू बाई. त्यांनी ते ऐकलं आणि कळवळल्या. "अगं बाई, हात चालत नाहीत म्हणून काय झालं? मुलीच्या लग्नात आईचा मान जाऊन कसं चालेल? मी धरते ना तुमचा हात. दोघी मिळून लावू." आणि त्यांनी माझ्या बायकोचा उजवा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला, अगदी हळू, दुखू नये म्हणून.

ह्याची तयारी कोणीच केलेली नव्हती. चांगुलपणाची तयारी माणूस करतो का कधी?

बायकोने हात हिसकावला नाही. विहीणबाईंच्या हातावर आपला डावा हात ठेवला आणि म्हणाली, "ताई, हात चालतात माझे. सकाळी हिचा अंबाडा मीच घातला. पण मी प्रभू येशूला मानते. मला हे करता येणार नाही. मला माफ करा."

आवाज बारीक होता तिचा. तरी पुढच्या दोन रांगांनी ऐकलं, आणि पुढच्या दोन रांगांनी ऐकलेलं मागच्या दाराशी पोचायला कितीसा वेळ लागतो? हॉलभर कुजबूज. मुलगी स्टेजवर उभी होती. ती आईकडे बघत नव्हती, समोर कुठेतरी बघत होती. व्याही माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "मग तुम्ही मला आत्ता काय सांगितलंत?"

शेवटी मेणबत्ती माझ्या बहिणीनेच लावली. वंदना सुरू झाली. सगळे हात जोडून उभे राहिले, मीही. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. लहानपणापासून पाठ, झोपेतही म्हणेन. पण चौथ्या शीलाला माझा आवाजच फुटेना. चौथं शील म्हणजे मी खोटं बोलण्यापासून दूर राहीन. सगळा हॉल ते म्हणत होता आणि माझी बायको बाजूला खांबापाशी ओठ मिटून उभी होती. मी म्हणणारा, ती न म्हणणारी. त्या दिवशी ते शील पाळलं कोणी? त्या विचाराने मी असा काही गोंधळलो की पाचवंही चुकलो.

व्याह्यांनी लग्न मोडलं नाही. जेवणाच्या वेळी माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "तुमच्या मिसेसचं मला पटलं नाही. पण तुमचं मला कळलंच नाही." जेवण मात्र पोटभर करा म्हणाले. पाठवणीला मुलगी माझ्या गळ्यात पडून रडली, आत्याच्या गळ्यात पडून रडली. आईसमोर आली, "येते" म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.

मुलगी आता खरवईला राहते, नव्या बिल्डिंगमध्ये. आमच्या घरापासून स्कूटरने फार लांब नाही. फोन मला करते, आईला करत नाही. आईने केलेला उचलत नाही. बायकोने तक्रार केली नाही. तिने सुकटाची चटणी करायला घेतली. मुलीला पहिल्यापासून आवडते. सुकट निवडायचं, भाजायचं, पाट्यावर वाटायचं. मिक्सरमधली चालत नाही म्हणे, ती चव येत नाही. पाट्यावर तिचे हात कसे होतात ते मी बघत होतो. मग स्टीलच्या डब्यात भरून मला म्हणाली, "देऊन या."

मी दिली. मुलीने घेतली, दुसऱ्या डब्यात काढून घेतली, आणि आमचा डबा घासून, पुसून माझ्या हातात दिला. रिकामा. आमच्याकडे रिकामा डबा कोणी परत देत नाही, चिमूटभर साखर तरी घालतात. आणि झाकण घट्ट बसवलेलं. ते मला आधी कळलंच नाही. घरी आलो, डबा बायकोला दिला, तिने झाकणाला हात लावला आणि थांबली. मग डबा माझ्यापुढे सरकवला. मी उघडला. तिने आत पाहिलं आणि म्हणाली, "चांगला घासलाय."

तसे कितीतरी डबे गेले. चटणी, शेंगदाण्याचे लाडू, भाजणी. प्रत्येक वेळी डबा चकचकीत, रिकामा, आणि झाकण असं बसवलेलं की मलाही जोर लावावा लागायचा.

मी दोघींवरही ओरडलो. बायकोला म्हटलं, "बघ, काय दिलं तुझ्या देवाने? मुलगी गेली."

"त्याला काही बोलू नका."

"मग मला तरी बोल! कोणाला तरी बोल!"

ती रडली. खूप रडली. ती प्रार्थनेत रडते तेव्हा मी बाहेरच्या खोलीत ऐकत असतो. आधी मुलीचं नाव येतं, मग जावयाचं, मग विहीणबाईंचं, आणि मग माझं. म्हणजे माझा नंबर विहीणबाईंच्याही मागे. एका दिवशी मी विचारलं, "आज परत ते लग्न असतं, तर काय केलं असतंस?"

"तेच."

"एवढं रडून?"

"रडले असते. पण तेच केलं असतं."

आता अशा बाईला माणूस काय म्हणणार? दगड म्हणावं तर डोळ्यांना पाणी. मऊ म्हणावं तर एक बोटभर हलत नाही.

मुलीकडे गेलो तेव्हा तिला वडिलांची गोष्ट सांगायला लागलो. म्हटलं, आजोबांनी भंडारा लावला नाही, तसंच समज की हे. तिने मला मध्येच तोडलं. "पप्पा, आजोबांची गोष्ट नका सांगू मला. त्यांच्या आईची गोष्ट कोणी सांगितली का कधी? ती बिचारी मेली ना त्याचीच वाट बघत."

खरंच, कोणी सांगितली नव्हती. इतकी वर्षं ऐकलेली गोष्ट, पण त्या म्हातारीच्या बाजूने ती कशी दिसत असेल हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. परत येताना रस्ताभर मला वडिलांचा अभिमानही वाटत होता आणि रागही येत होता, आणि त्यातला कुठला खरा तेच कळत नव्हतं.

मग परवाची गोष्ट. नेहमीसारखा डबा घेऊन गेलो. मुलगी फार बोलली नाही, ऑफिसच्या कॉलवर होती. खुणेने बसा म्हणाली, डबा आत नेला, थोड्या वेळाने पिशवीत घालून आणून दिला. मी पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली आणि निघालो. अंबरनाथच्या रस्त्याला लागलो तर खड्ड्यांमध्ये पिशवीतून खडखड, खडखड. फिटरच्या कानाला असला आवाज सहन होत नाही. एका टपरीपाशी स्कूटर थांबवली, पिशवीतून डबा काढला, तळहाताने झाकण दाबून घट्ट बसवलं, आणि पुढे निघालो.

थोडं पुढे आल्यावर लक्षात आलं.

झाकण सैल होतं.

मी स्कूटर कडेला घेतली. इतके दिवस जी पोर झाकण आवळून देत होती, तिने आज ते नुसतं वर ठेवलं होतं. डबा रिकामाच होता, दाबताना कळलं होतं. साखरेचा दाणाही नाही. पण झाकण सैल. आईच्या बोटांना उघडेल असं. आणि मी, आयुष्यभर आवळत आलेला मूर्ख, ते आवळून बसलो होतो.

पहिला विचार मनात आला तो असा, की त्यात काय, परत सैल करू. घरी जाऊन तसाच देऊ. तिला कळणारही नाही. मी झाकणाखाली अंगठा घातलासुद्धा. आणि तिथेच अडकलो. मुलीने सैल ठेवलं होतं, हे खरं. पण बायकोच्या हातात जाईल ते सैलपण माझ्या हाताचं असेल. मग ते खरं की खोटं? बोटं सुजतात हेही खरंच होतं, आणि त्या खऱ्याचं त्या हॉलमध्ये मी काय करून ठेवलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. बाजूने टँकर जात होते, मी डबा हातात धरून उभा, रिक्षावाल्याने विचारलंसुद्धा, "काय झालं काका, पंक्चर?" मी नाही म्हटलं. अंगठा काढून घेतला. डबा तसाच पिशवीत ठेवला.

घरी बायको गॅलरीत तांदूळ निवडत होती. मी डबा तिच्यापुढे ठेवला. तिने सवयीने झाकणाला हात लावला, आणि सवयीनेच डबा माझ्याकडे सरकवला.

मी म्हटलं, "थांब. हे तिने घट्ट केलेलं नाही. तिने सैल ठेवलं होतं. रस्त्यात वाजत होतं म्हणून मी दाबलं. शपथ घेऊन सांगतो, तिने सैल ठेवलं होतं."

बोलता बोलताच मला कळलं की हे किती खोटं वाटतंय. बायकोचं मन राखण्यासाठी नवऱ्याने रचलेली गोष्ट, दुसरं काय? आणि गोष्टी कशा रचतो मी, ते तिच्याइतकं कोणाला माहीत आहे? पुरावा काहीच नाही. समोर रिकामा डबा, आणि त्यावर घट्ट बसलेलं झाकण.

तिने माझ्याकडे पाहिलं.

"सैल होतं?"

"सैल होतं."

तिने डबा मांडीवर घेतला आणि त्या वाकड्या बोटांनी झाकणावरून हात फिरवला, लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा. उघडायचा प्रयत्न केला नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती, नदीतून वर आली होती तशी. मग तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "बाहेर जाल तेव्हा शेंगदाणे आणा. लाडू करते."

पुन्हा एकदाही तिने विचारलं नाही, खरंच ना. तिच्या जागी मी असतो, तर माझ्यावर विश्वास ठेवला नसता.